ढेकरसाहेब

गोठ्यात आलेला माणूस आधी जनावराच्या पाठीवर हात फिरवतो, कास बघतो, फार तर दात बघतो. ढेकरसाहेब तसं काही करत नसत. रवंथ करत बसलेल्या म्हशीच्या तोंडाजवळ ते उकिडवे बसायचे, मान एका बाजूला कलती करायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. म्हशीनं ढेकर दिला की त्यांची एक भुवई वर जायची. पुन्हा ऐकणं सुरू. पहिल्यांदा त्यांना तसं पाहिलं तेव्हा मी दुधाची चरवी घेऊन गोठ्याच्या दारातच थांबले होते. मला वाटलं, माणसाला घेरी आली की काय.

बऱ्याच वेळानं ते उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि मला म्हणाले, "अक्का, ह्याला ढेकर म्हणू नका. तुमची वैरण उडून जायलीय. दहा पेंढ्या घातल्या तर त्यातली एक ही म्हस वाऱ्यावर सोडायलीय."

मी नव्यानं लग्न होऊन वालूरहून बोरीला आले होते. सासरी दोन म्हशी, एक गाय आणि लाल कंधारी बैलांची जोडी. त्यांचं शेण, पाणी, धार सगळं माझ्याकडं. जनावर काय खातं आणि किती देतं एवढंच मला कळत होतं. मधे ते काय उधळतं, याचा विचार माझ्याच काय, गावात कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मी ही गोष्ट सांगितली आणि आठवडाभरात त्या जनावरांच्या खात्यातल्या साहेबाचं नाव ढेकरसाहेब पडलं. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. खरं नाव कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. ह्या नावानं काम तरी ध्यानात ऱ्हाईल."

ते मूळचे पालमचे. नोकरीचं ठिकाण परभणी. जिंतूरच्या एसटीनं बोरीला उतरायचे, खांद्याला कापडी पिशवी. त्या काळात गावात दोन-तीन घरी गोबरगॅस आला होता. साहेबांनी तोच हाताशी धरला. म्हणायचे, "टाकीत शेण कुजतं, गॅस होतो, तुमी त्यावर भाकरी भाजता. जनावराचं पोट म्हंजे चालती-फिरती टाकीच हाय. आत कोरडा, कडक कडबा लय येळ कुजत बसतो, त्याचा गॅस होतो आन् तोंडावाटे जातो. टाकीतला गॅस तुमच्या कामी येतो. ह्यो कुणाच्याच न्हाई." मग बारीक आवाजात, शाळेत पाढा म्हणावा तसं म्हणायचे, "पचलं त्येवढं आपलं, ढेकरलं त्येवढं वाऱ्याचं."

उपाय त्यांचे साधे होते. पेंढी अख्खी टाकू नका, कुट्टी करून टाका. बांधावर सुबाभूळ लावा, हिरवा पाला रोज थोडा तरी द्या. आमच्याकडं करडई भरपूर, तर करडीची पेंड मूठभर वाढवा. तेलाचा अंश पोटात गेला की गॅस कमी धरतो. आणि शेवटचा उपाय, जो ऐकून लोक मागं सरायचे: युरियाचं पाणी शिंपडून कडबा खड्ड्यात दाबून ठेवा, वरून मेणकापड घालून लिंपून घ्या, तीन आठवडे हात लावू नका. कडबा मऊ पडतो, पचायला हलका होतो.

"पिकाला घालायचं खत जनावराला?" माझे सासरे म्हणाले. त्यांना सगळे आप्पा म्हणत.

साहेब ओट्याच्या खाली उभे होते. आप्पांनी बसा म्हटलं नव्हतं. आमचं घर शिवभक्ताचं. आप्पांच्या गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. आप्पा सरळ माणूस होते, पण गावच्या चालीबाहेरचे नव्हते. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीला पाच-सहा वर्षं झाली होती. आसपासच्या खेड्यांतली जळालेली घरं पुन्हा उभी राहिली होती, बोलणी मात्र बंद ती बंदच होती. आप्पांनी विचारलं, "साहेब कुठले? पाव्हणे कुठं कुठं हायत?"

साहेब शांतपणे म्हणाले, "आडनाव विचारायचं असंल तर विचारा आप्पा, म्हंजे मला पुढं वैरणीचं बोलता यील." आणि आपणच आडनाव सांगून टाकलं. जात कळायला तेवढं पुरेसं होतं.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आतून म्हणाल्या, "चहा ने." गोठ्याच्या कोनाड्यात एक कपबशी असायची. ती कुणासाठी हे घरात कुणी कुणाला शिकवत नसे. आल्या आल्या आपोआप कळायचं. मी त्यात चहा दिला. साहेबांनी पिला, हौदाच्या पाण्यानं कपबशी विसळली आणि कोनाड्यात होती तशी पालथी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाचारीही नव्हती. मग वैरणीचं बोलणं सुरू झालं. ते चांगलं तासभर चाललं.

त्या साली पाऊस कमी झाला होता. कडबा निकृष्ट, काड्याच जास्त. आप्पांनी होकार दिला तो साहेबांवर विश्वास बसला म्हणून नव्हे, दुसरा इलाज नव्हता म्हणून. खड्डा खणला. साहेबांनी धोतरासारखी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः थर लावले, झारीनं पाणी शिंपडलं, आमच्या ह्यांना खड्ड्यात उतरवून कडबा तुडवून घेतला. जाताना मला बाजूला बोलावून बजावलं, "अक्का, गोठा तुमच्या हातात हाय म्हणून तुमाला सांगायलो. कच्चा युरिया म्हंजे इख. पाण्यात न्हाई, पेंडीत न्हाई, चिमूटभर न्हाई. उरलेलं पोतं घरात वर टांगून ठेवा." मी ठेवलं.

खड्डा उघडायचा त्या दिवशी ते सकाळच्याच गाडीनं आले. अजून ओट्यापाशी पोचले नव्हते, तोच शेजारून गयाकाकूचा आवाज आला. गयाकाकू आणि त्यांचे मालक रामकिसन, आमच्या भिंतीला भिंत. रामकिसनकाकांनी आमचा खड्डा भिंतीवरून पाहिला होता. युरियानं जनावर धरतं, दूध वाढतं, एवढंच कानावर पडलेलं. तीन आठवडे कोण थांबणार म्हणून त्यांनी त्या दिवशी पेंडीच्या आंबोणातच युरिया कालवला होता.

आम्ही गेलो तेव्हा म्हैस आडवी पडली होती. तोंडाला फेस, पाय ताठ, पोट नगाऱ्यासारखं. बाजूला तिची वगार, अजून न व्यालेली रेडी, थरथरत उभी होती. तिनं थोडं कमी खाल्लं होतं. साहेबांनी म्हशीचे डोळे पाहिले आणि तिला सोडून वगारीकडं वळले. "चिंच आणा. घरात असंल तेवढी. कोळ करा, जल्दी. आन् गार पाणी, रांजणातलं." मी आणि गयाकाकूंनी चिंच कुस्करली. शेजारणींनी आपापली चिंच आणून दिली. साहेबांनी वगारीचा जबडा धरून बाटलीनं कोळ पाजला, वरून पाणी, पुन्हा कोळ. हात कोपरापर्यंत चिंचेनं आणि फेसानं माखले होते. म्हैस तेवढ्यात गेली. वगार दुपार कलेपर्यंत उभी राहिली, मग तिनं मान हलवली आणि शेण टाकलं. साहेब भिंतीला टेकून खाली बसले.

एव्हाना अंगणात माणसं जमली होती. त्यांतला एक म्हणाला, "खात्याचा माणूस म्हणून गावात येऊ दिला, आन् ह्यानं गोठ्यात इख घातलं." दुसरा म्हणाला, "ह्या लोकायच्या मनात दुसरं काय असणार." त्या दिवसांत अशा वाक्याला पुढचा अर्धा भाग लागत नसे. दोघाचौघांनी दार अडवलं. रामकिसनकाका मान खाली घालून बसले होते. एकटा माणूस, परक्या गावात, आणि परतीची गाडी संध्याकाळची.

साहेब उठले. दाराकडं न जाता ते गयाकाकूंसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "काकू, म्हस माझ्या सांगण्यानं मेली न्हाई. पर माझ्या न सांगण्यानं मेली. मी एका गोठ्यात सांगितलं आन् भिंतीपलीकडं सांगितलं न्हाई. जिम्मेदारी माझी हाय." गयाकाकू पदरात तोंड घालून रडत होत्या. त्यांनी मान वर केली, साहेबांच्या हातांकडं पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी कालवलं ते सांगा की. त्यांनी कशाला अंगावर घ्यावं?"

रामकिसनकाकांनी मग सांगितलं. तरी लोक हलेनात. तेव्हा आप्पा पुढं आले. ते फार बोलणारे नव्हते. म्हणाले, "आमचा खड्डा आज उघडायचा हाय. इखच बघायला जमलाव, तर ते बी बघून जा."

खड्ड्यावरचं लिंपण फोडलं तसा नवसागरासारखा उग्र वास आला, डोळ्यांना धारा लागल्या. लोक मागं हटले. साहेबांनी कडबा वाऱ्यावर पसरायला लावला, वास उडेपर्यंत थांबवलं. मग आप्पांनी आपल्या हातांनी पाटी भरली आणि ती कुणापुढं टाकली, तर त्यांच्या लाडक्या बैलापुढं, ज्याच्या अंगावर ते कुणाला चाबूक उगारू देत नसत. बैलानं फुरफुर केली, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगलं. मग खाऊ लागला. माणसं तशीच उभी. आप्पा दावणीजवळ बसून राहिले. ऊन उतरलं तेव्हा बैल निवांत बसून रवंथ करत होता आणि अंगणात आमच्या घरचेच तेवढे उरले होते.

आत्याबाईंनी चहा केला. तो त्यांनी घरातल्या पितळी पेल्यात ओतला आणि स्वतः ओट्यावर आणून दिला. साहेबांनी पिला आणि सवयीनं विसळायला उठले. आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." एवढंच. कोनाड्यातली कपबशी पुढं कधी गेली ते मला आठवत नाही.

सगळं गाव एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. पुढच्या खेपेपासून साहेबांनी दारोदार जाऊन सांगायला सुरुवात केली. काही घरी आत बोलवत, काही घरी अंगणातच उभं करत, एका घरी तर फाटकाबाहेर. ते फाटकाबाहेरून तेवढ्याच मन लावून सांगायचे. मी एकदा विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" म्हणाले, "वाटतं की. पर त्येंच्या म्हशीनं माझं काय वाईट केलंय?" गयाकाकूंची वगार त्यांनी आपली मानली होती. तिला काय घालायचं, किती घालायचं, गाभण राहिल्यावर काय वाढवायचं, प्रत्येक खेपेला विचारपूस. ती व्याली, तिच्या दुधावर गयाकाकूंनी स्टँडजवळच्या हॉटेलाचा रतीब धरला आणि तो कितीतरी वर्षं चालवला.

आमच्याकडं फरक हळूहळू दिसला. तेवढ्याच कडब्यात जनावरं उन्हाळा काढू लागली. म्हशी आटायच्या त्या दिवसांतही मुलांपुरतं दूध राहू लागलं. माझी दोन्ही मुलं त्या दुधावर वाढली, हे मी त्यांना आजही सांगते.

एकदा आम्ही दोघं नवरा-बायको पालमला एका लग्नाला गेलो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. दोन खोल्या, पुढं छपरात दोन शेळ्या. साहेब त्यांच्यापुढंही डोळे मिटून बसलेले. त्यांच्या बायकोनं मला हळूच सांगितलं, "माझं ऐकायला येळ न्हाई. शेळीचं मात्र मन लावून ऐकतेत." साहेबांना ते ऐकू गेलं. डोळे न उघडता म्हणाले, "शेळी मधी मधी थांबते." आम्ही तिथं जेवलो, ज्वारीची भाकरी आणि करडईची भाजी. परत आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "जेवलीस तिथं?" मी हो म्हटलं. बऱ्याच वेळानं चुलीपुढून म्हणाल्या, "भाजी कशाची होती?"

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांना एक नवा ध्यास लागला. कुठल्याशा प्रशिक्षणाहून आले आणि गावच्या शाळेत बसून सांगू लागले, की जनावराच्या ढेकरातला गॅस वर जातो आणि जगाची हवा तापवतो. लोक पोट धरून हसले. कुणी म्हणालं, "आता आमच्या म्हशीनं आभाळ तापवलं म्हणा." साहेबही हसले. म्हणाले, "एकीनं न्हाई तापत. पर जगात म्हशी लय हायत." मग गंभीर होऊन म्हणाले, "जनावरं कमी करा म्हणणारे उद्या येतील. तुमी त्यांना सांगा, आमी आधी खाणं सुधारलंय. चांगलं खाणाऱ्या एका म्हशीचं दूध दोन उपाशी म्हशीइतकं असतं, आन् ढेकर एकीचाच." आज टीव्हीवर, मोबाइलवर मोठमोठी माणसं हेच बोलतात. मला नवल वाटत नाही. मी ते आमच्या शाळेच्या पडवीत ऐकलंय.

नामांतराचा निर्णय झाला ती संक्रांत मला आठवते. पुन्हा सगळीकडं ताण. एसट्या कधी सुटत, कधी नाही. आप्पा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी आमच्या ह्यांना हाक मारली आणि म्हणाले, "पालमला जा. साहेबाला म्हणावं, बायकोला घिऊन चार दिस हितं येऊन ऱ्हा. आपल्या घरात." हे कसेबसे पोचले. साहेबांनी निरोप ऐकला, डोळे पुसले आणि म्हणाले, "आप्पाला सांगा, आलो असतो. पर माझ्या गल्लीत आणखी घरं हायत. त्येंना टाकून मी एकला कसा येऊ?"

सगळं निवळल्यावर ते आले. सरळ आत, आप्पांच्या खाटेजवळ बसले. आप्पांनी विचारलं, "बदललं का मग नाव?"

"बदललं न्हाई आप्पा. वाढलं. जुनं हाय तसंच हाय, म्होरं आमच्या बापाचं लागलं."

आप्पा म्हणाले, "वाढलं तर बरंच झालं." मग दोघं करडीच्या पेंडीबद्दल बोलत बसले.

पुढं साहेब निवृत्त झाले, लेकीकडं नांदेडला गेले आणि तिथंच वारले. आम्हाला कळायला उशीर झाला. शेवटचं दर्शन नाही, माती नाही. त्याची हळहळ आहे. पण त्यांची आठवण निघाली की मला डोळ्यांपुढं दिसतो तो आप्पा गेले तो दिवस.

आप्पा उन्हाळ्याच्या तोंडावर गेले. आमच्यात पुरतात. दुपारी पुरुषमंडळी घेऊन गेली, घरात बायकांची गर्दी, रडारड. मी सून, आल्या-गेल्याला पाणी देण्यात आणि आत्याबाईंना सावरण्यात मला बसायलाही उसंत नव्हती. मधेच लक्षात आलं की सकाळपासून दावणीला कुणी काही टाकलेलं नाही, धारही निघालेली नाही. म्हशी मघापर्यंत ओरडत होत्या, त्या आता गप्प होत्या. मी घाबरून गोठ्यात धावले.

ढेकरसाहेब तिथं होते. सदरा खुंटीला, त्याच्या बाह्यांना माती, कोयत्यानं कडब्याची कुट्टी करत बसलेले. सगळ्या जनावरांपुढं वैरण पडली होती, हौदात ताजं पाणी होतं.

मी म्हटलं, "तुम्ही मातीला नाही गेला?"

"गेलतो अक्का. गाडीवरनं उतरलो ते थेट तिकडंच. मूठभर माती घातली आन् मागं फिरलो. वाटंवर ह्यांचा आवाज आला." कोयता बाजूला ठेवून ते उठले. "घरातलं माणूस गेलं की जनावराचं ध्यान कुणाला ऱ्हात न्हाई. कुणाचा कसूर न्हाई त्यात. तेवढी धार मात्र तुमी काढा. मला देईना ती."

मी चरवी घेऊन म्हशीखाली बसले. त्यांनी रेडकू सोडलं, पान्हा सुटल्यावर ओढून बाजूला धरलं. पहिली धार चरवीत वाजली आणि सकाळपासून न आलेलं रडू मला एकदम आलं. रेडकाला धरून साहेब पाठमोरे उभे राहिले, माझी धार संपेपर्यंत.